पडदेवाल्या मावशीचा पार्कातला दिवस

अक्का पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायची, कापड सुचवायची आणि शिवून झाले की स्वतः शिडीवर चढून दांडीला अडकवूनही द्यायची. त्यामुळे शहरातल्या कितीतरी घरांच्या आतल्या खोल्या तिला ठाऊक होत्या. कुठल्या घरात नवराबायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात, कुठल्या घरातल्या म्हाताऱ्याला उजेड सोसत नाही, हे तिला टेप लावता लावता कळायचं. कळलेलं ती पोटात ठेवायची. फक्त लहान मुलांच्या खोलीचे पडदे असले की तिचा हात सैल सुटायचा. चुण्या जास्त घालायची, खाली एखादी झालर लावायची आणि जास्तीचं कापड आपल्या पदरचं घालायची. गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि हिचा धंदा होता तिथेच राहायचा.

तिचं लग्न झालं नव्हतं. करायचं नाही असं तिनं कधी ठरवलं नव्हतं, ते राहून गेलं. एकदा जमत आलं होतं. मुलगा कापडगिरणीच्या रंगखात्यात होता, बोलायला शांत. नेमकी तेव्हाच आई अंथरुणाला खिळली. धाकटी बहीण अजून शिकत होती, म्हणून आईचं सगळं अक्कावर आलं. त्या मुलानं बरेच दिवस वाट पाहिली, मग त्याच्या घरच्यांनी पाहिली नाही. पुढे धाकटीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली आणि नातीचं तोंड बघून आई गेली. अक्कानं मागे वळून पाहिलं तर वय बरंच पुढे निघून गेलं होतं. तिनं त्याचा बाऊ केला नाही. शिवणयंत्राला तेल घातलं आणि कामाला लागली.

धाकटीचं घर बसनं दोन थांब्यांवर. सात वर्षांची चिंगी, चार वर्षांचा ढब्बू आणि नवरा. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. अक्का त्याला भावोजी म्हणायची. तो बायकोच्या मोठ्या बहिणीला बायकोसारखाच 'अक्का' म्हणायचा, पण 'अहो' घालून. मुलांची ती मावशी. दर रविवारी जायची, जेवायची, मुलांची उसवलेली बटणं लावायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची.

त्या घरात दोन वर्षं एकच विषय चालला होता, पार्कात जायचं. शहराबाहेर ते मोठं थीम पार्क होतं. उंच पाळणे, बोटी, खोट्या डोंगरातून जाणारी छोटी आगगाडी. चिंगीनं हट्ट धरला की धाकटी म्हणायची, "ढब्बूला नीट चालता येऊ दे." ढब्बू चालायला लागला. मग, "ढब्बूची लंगोटं सुटू देत." तीही सुटली. शेवटी तिकिटं काढली, चिंगीनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं, आणि धाकटीला सातवा महिना लागला तसं डॉक्टरनं बजावलं, पाय पलंगाखाली ठेवायचा नाही.

अक्का भेटायला गेली तेव्हा धाकटी चार उशांना टेकून बसली होती. चेहरा रडून सुजलेला.

"तू जा ह्यांच्याबरोबर," ती म्हणाली.

"मी? मला साध्या झोपाळ्यावर गरगरतं."

"तुला कोण बसायला सांगतंय? तू पोरांना धर. ह्यांचं तुला माहितीये, नाकासमोर बघून चालतात. मागे पोर हरवलं तरी पत्ता लागायचा नाही."

स्वयंपाकघरातून भावोजी म्हणाले, "मला ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय!" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "अक्का, चिंगीला मी दोन वर्षं झुलवत ठेवलंय. आता नाही म्हटलं तर पोर माझं तोंड बघणार नाही. जा. आणि आलीस की मला सगळं सांग. काय बघून हसले, कशाला घाबरले, सगळं."

अक्का हो म्हणाली. धाकटीच्या कुठल्या गोष्टीला ती आजवर नाही म्हणाली होती?

जायच्या दिवशी सकाळी ऊन छान पडलं होतं. पार्काच्या दाराशी ही रांग लागलेली. आत सोडणारी मुलगी प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत कागदी पट्टी बांधत होती. तिचा हात यंत्रासारखा चालला होता आणि तोंडही. "बाबा, हात. आता दादा. आता ताई. आता आई, हात पुढे करा."

अक्कानं हात पुढे केला. मी मावशी, असं ती म्हणणार होती, पण मागून गर्दीचा रेटा येत होता. एवढ्या घाईत वंशावळ कुठे सांगत बसायची, असं मनाशी म्हणून ती आत शिरली. आणि शिरल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण चालतोय जरा वेगळंच. पाठ ताठ करून, ढब्बूचा हात घट्ट धरून, खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, जशा बाकीच्या बायका चालत होत्या तशी.

भावोजींनी पार्काचा नकाशा उघडला आणि मोठ्या आत्मविश्वासानं सगळ्यांना प्रसाधनगृहांच्या मागच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं.

"बाबा, इथे बोटी आहेत?" चिंगीनं विचारलं.

"असायला हव्यात," भावोजी म्हणाले आणि नकाशा उलटा केला.

"तुम्ही शाळेत मुलांना जगभर फिरवता ना हो?" अक्का म्हणाली.

"जगाचं वेगळं असतं, अक्का. जगात उत्तर दिशा असते."

शेवटी बोटी सापडल्या त्या ढब्बूलाच. बोटींच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका बाईनं ढब्बूकडे निरखून पाहिलं आणि हसून अक्काला म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलाय हो. हनुवटी बघा ना."

हनुवटी खरंच तीच होती. ती आईची हनुवटी. अक्काला होती, धाकटीला होती, तिथून ढब्बूला आली होती. अक्का म्हणाली, "आमच्या घरातलीच आहे ती हनुवटी." ह्यात खोटं काही नव्हतं. पण त्यानंतर बराच वेळ तिचा हात मधूनमधून आपल्या हनुवटीकडे जात राहिला.

भावोजींबद्दल तिच्या मनात काही वेडंवाकडं होतं असं कुणी समजू नये. तो भला माणूस होता, पण चहा पिताना आवाज करायचा, आणि धाकटीनं त्याच्या घोरण्याच्या ज्या हकिकती सांगितल्या होत्या त्या ऐकून कुठल्याही बाईचं मन थाऱ्यावर राहिलं असतं. अक्काला तो नको होता. तिला हवी होती ती जागा. पोराचं नाक पुसणारी, चिकट हात धुणारी, "पुरे आता, पोट दुखेल" म्हणून दरडावणारी जागा. एवढी वर्षं तिनं ती दुसऱ्यांच्या खिडक्यांतून पाहिली होती. आज दिवसभरासाठी कुणी तरी तिला तिथे नेऊन उभं केलं होतं, आणि तिला ती बेतून शिवल्यासारखी बसत होती.

चिंगीच्या नजरेतून ते सुटलं नाही. आइस्क्रीमवाला सहज म्हणाला, "दोन गोळे हवे असतील तर आईला विचार बाळ." त्यावर चिंगी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ही आई नाहीये. ही मावशी आहे. आई घरी झोपलीये."

"बरं बाई, मावशीला विचार," तो म्हणाला.

अक्काच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं दोन्ही मुलांना दोन-दोन गोळे घेऊन दिले. ती खरी आई असती तर एकच दिला असता, हे तिला नंतर सुचलं.

दुपारी सावलीतल्या बाकावर बसून त्यांनी डबे उघडले. ढब्बू खाता खाता तिच्या मांडीवर चढला आणि उतरायचं नावच घेईना. भावोजी म्हणाले, "अक्का, तुम्ही दमला असाल, द्या त्याला इकडे."

"राहू द्या," अक्का म्हणाली. "मला काही होत नाही."

खरं तर तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

मग ते डोंगराच्या आगगाडीत बसले. गाडी छोटी, एका बाकावर जेमतेम दोघं. पुढच्या डब्यात भावोजी आणि चिंगी, त्यांच्या मागे अक्का आणि ढब्बू. गाडी बोगद्यात शिरली. भिंतीवर वटवाघळं चमकली, कुठून तरी गार वारा आला, मुलं ओरडली, हसली. ढब्बूही हसला. आणि मध्येच गचका बसून गाडी थांबली. दिवे गेले.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं हा खेळातलाच भाग असेल. मग मागच्या डब्यातला एक माणूस म्हणाला, "बंद पडली की काय?" आणि बोगद्यात कुजबुज सुरू झाली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख होता.

"आई," ढब्बू म्हणाला.

अक्कानं त्याला जवळ ओढलं. "मी आहे रे."

"आई," तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. त्याचं अंग ताठ झालं होतं. तो तिच्या कुशीत होता, पण हाक मारत होता समोरच्या काळोखाला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, त्याच्या कानाशी काहीबाही बोलली. त्याला ते पोचत नव्हतं.

"आई!" तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला.

"ओ," अक्का म्हणाली.

तिच्या तोंडून ते कसं निघालं हे तिचं तिलाच कळलं नाही. "ओ बाळा. ओ." आणि ते पोर एकदम सैल झालं. लोण्यासारखं झालं. त्यानं तिच्या गळ्यात तोंड खुपसलं, आणि त्याचा ओला, गरम श्वास तिच्या मानेला लागत राहिला. अक्का काळोखात डोळे उघडे ठेवून बसली. गाडी कधीच सुरू झाली नाही तरी चालेल, असं तिला वाटलं. तसं वाटल्याचा धक्का तिला नंतर बसला, तेव्हा नाही.

मग दिवे आले, गाडी कुरकुरत निघाली आणि बाहेर उन्हात आली. ढब्बूनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मावशी," तो म्हणाला, "माझा बूट पडला."

बूट बाकाखालीच होता. तिनं वाकून तो त्याच्या पायात घातला, आणि पुन्हा वर बघायला थोडा वेळ लावला.

गाडीतून उतरल्यापासून चिंगी गप्प होती. पुढे घोड्यांचं चक्र लागलं. आरशांचे तुकडे लावलेलं, रंगीत घोड्यांचं, हळूहळू फिरणारं. दोन वर्षं चिंगी ह्या घोड्यांबद्दलच बोलत होती. पण ती तिथेच थांबली.

"मला नाही बसायचं."

"अगं, इतक्या लांब आलो," भावोजी म्हणाले.

"नाही बसायचं मला."

अक्का म्हणाली, "भावोजी, ढब्बूला पाणी पाजून आणता? आम्ही दोघी बसतो इथे." भावोजी गेले. दोघी बाकावर बसल्या. समोर घोडे वर-खाली होत गेले, पुन्हा आले.

"तू ओ का दिलीस?" चिंगीनं विचारलं.

अक्काला वाटलं, आपल्याला कुणीतरी दुसऱ्याच्या घरात कपाट उघडताना पकडलं.

"तो घाबरला होता ना."

"तो आईला हाक मारत होता."

"हो."

"तू आई नाहीस."

"नाही गं. नाहीये."

"मग?"

अक्कानं उत्तर शोधलं. मोठ्यांना चाललं असतं असं तिला बरंच काही सुचलं, पण ही पोर तिच्या डोळ्यांत बघत होती. ती म्हणाली, "काळोखात कुणी हाक मारत राहिलं आणि कुणीच ओ दिली नाही, तर फार एकटं वाटतं, चिंगे. मला ऐकवेना."

"मग मी दिली असती. मी ताई आहे त्याची."

"पुढच्या वेळी तू दे."

चिंगी बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मीपण मारली होती हाक. मनात."

"कुणाला?"

"आईला." आणि मग तिचा बांध फुटला. "आई आणि मी बसणार होतो घोड्यांवर. पांढरा माझा आणि तपकिरी तिचा. तिनंच ठरवलं होतं. मला तिच्याबरोबर बसायचं होतं. तुझ्याबरोबर नाही."

चार वर्षांच्या भावाला काळोखात आई देता आली होती. ह्या मुलीला उन्हात ती देता येणार नव्हती. अक्कानं तिची समजूत घातली नाही. नुसता पाठीवर हात ठेवला आणि तिला रडू दिलं. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "मग नकोच बसू. ते घोडे तुझ्या आईसाठी राहू देत."

"पळून नाही ना जाणार?"

"त्यांच्या पोटातून दांडा घातलाय. कुठे पळतायत?"

चिंगीला रडता रडता हसू आलं. भावोजी ढब्बूला पाणी पाजून घेऊन आले, अक्काकडे पाहिलं आणि सगळ्यांना घेऊन फाटकाकडे निघाले.

परतीच्या बसमध्ये ढब्बू अक्काच्या मांडीवर झोपला, आणि थोड्या वेळानं चिंगीही तिच्या दंडाला टेकून पेंगायला लागली. दंड बधिर झाला. अक्कानं हलवला नाही. खिडकीबाहेर घरं मागे जात होती, खिडक्यांत एकेक दिवा लागत होता. एरवी ती सवयीनं प्रत्येक खिडकीची रुंदी डोळ्यांनी मोजायची. आज तिनं एकही मोजली नाही.

घरी धाकटी वाटच बघत होती. केस विंचरून, चांगला झगा घालून बसली होती, जणू पाहुणे यायचे होते. मुलं पलंगावर चढली आणि दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. बोटी, वटवाघळं, दोन गोळे, बाबांचा नकाशा. धाकटी हसत होती, "आणि मग? आणि मग?" करत होती.

"आणि बोगद्यात दिवे गेले," चिंगी म्हणाली, "तेव्हा ढब्बू आई आई करत होता, आणि मावशीनं ओ दिली."

भावोजी "चहा टाकतो" म्हणून सटकले आणि जाताना मुलांना हात धुवायला घेऊन गेले.

अक्का घाईनं म्हणाली, "आई मला नाही म्हटलं त्यानं. हाक तुलाच होती. मी नुसती..."

धाकटी उशीच्या अभ्र्याचं टोक पिळत बसली होती. मग म्हणाली, "कशी मारली?"

"काय?"

"हाक. कशी मारली? रडत मारली की नुसतीच?"

अक्का पलंगाच्या कडेला बसली. "पहिली नुसतीच. तू पलीकडच्या खोलीत असल्यासारखी. दुसरी जरा वरच्या पट्टीत. तिसऱ्या वेळी आवाज फाटला."

"तिसरीला दिलीस ओ?"

"तिसरीला."

धाकटीनं डोळे मिटले. "मी पहिलीलाच दिली असती."

"माहितीये मला."

"तुला बोल लावत नाहीये गं."

"तेही माहितीये."

"मला आज दिवसभर तुझा हेवा वाटला, अक्का. इथे छताकडे बघत पडले होते आणि तुझा राग राग करत होते. आत्ता ढब्बू तिचा हात धरून चालत असेल, आत्ता तिच्याकडे पाणी मागत असेल. तूच पाठवलीस की तिला, असं म्हणायचे आणि पुन्हा राग करायचे."

अक्का तिच्याकडे बघतच राहिली. "माझा हेवा?" ती म्हणाली. उभ्या आयुष्यात तिचा कुणी हेवा केला नव्हता. ह्या गोष्टीचं काय करायचं, कुठे ठेवायची, हेच तिला कळेना. "माझा हेवा करणारी तू पहिलीच हं."

"मग जप मला," धाकटी म्हणाली आणि दोघी एकदम फिस्सकन हसल्या. हसता हसता धाकटीनं पोट धरलं. "हसवू नकोस, डॉक्टरनं सांगितलंय." आणि डोळे पुसत म्हणाली, "घोड्यांवर बसले का गं?"

"नाही. चिंगीला तुझ्याबरोबर बसायचंय."

धाकटीचा चेहरा त्यावर जसा उजळला तसा तो अक्कानं पूर्वी एकदाच पाहिला होता, चिंगी पहिल्यांदा तिच्या हातात दिली तेव्हा. अक्काला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या आत खोल कुठेतरी दुखलं, ते तिनं चहाबरोबर गिळलं.

बाळ वेळेवर झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. पुढच्या वर्षी सगळे मिळून पुन्हा पार्कात जायचं ठरलं. "मावशी, तू येच," ढब्बू म्हणाला. चिंगीही म्हणाली, आणि ती अगदी मनापासून म्हणाली. अक्कानं सांगितलं, त्याच दिवशी एका नव्या घरी पडदे लावायचे कबूल केलेत. हे खरं होतं. पण गिऱ्हाईकाला दुसरा दिवस चालला असता, हेही खरं होतं. पण तो एक दिवस तिला तसाच राहू द्यायचा होता, दुसरा त्याच्यावर पडायला नको होता.

त्या दिवशी ती एका रिकाम्या घरात होती. भिंतींना ताज्या रंगाचा वास, सामान अजून आलेलं नव्हतं, नवं जोडपं महिनाअखेरीला राहायला येणार होतं. मोठ्या खोलीचे पडदे लावून झाले, मग ती जमिनीवर कापडाच्या घडीवर बसली आणि डबा उघडला. बाहेर ऊन छान पडलं होतं. आता दारातून आत गेले असतील. भावोजींनी एव्हाना कुठेतरी भलतीकडेच नेलं असेल. आता बोटींची रांग. बाळ धाकटीच्या कडेवर असेल, त्यानं टोपी काढून फेकली असेल, आणि चिंगी ती उचलायला धावली असेल. अक्का घास तसाच हातात धरून बराच वेळ त्यांच्यामागून चालत राहिली. मग तिनं डबा मिटला, शिडी उचलली आणि आतल्या छोट्या खोलीत नेली. त्या खोलीच्या पडद्यांना तिनं कुणी न सांगता चुण्या जरा जास्त घातल्या होत्या.